आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे रजिस्ट्रारपद : निवड कशी होते आणि नागपूरच्या विधी पदवीधराने तयारी कुठून करावी

८ मे २०१७ रोजी भारताने कुलभूषण जाधव यांच्यासाठी नेदरलँड्समधल्या हेग इथे असलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज दाखल केला. पुढे नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांचा युक्तिवाद आपल्याकडे घरोघरी पाहिला गेला. असा अर्ज ज्यांच्या नावे जातो ते रजिस्ट्रार मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. लॉ कॉलेज चौकापासून वारंग्यापर्यंत कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी हे पद नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

काम काय असतं

रजिस्ट्रार म्हणजे न्यायालयाचे मुख्य प्रशासकीय अधिकारी. देशांशी होणारा सगळा पत्रव्यवहार त्यांच्यामार्फत चालतो. खटल्यांची सूची, बैठकांची इतिवृत्तं, भाषांतरं, प्रकाशनं, अभिलेखागार, हिशेब आणि न्यायालयाची मोहोर हे सगळं त्यांच्याकडे असतं. निकालपत्रावर अध्यक्षांच्या सहीबरोबर त्यांचीही सही लागते. अध्यक्षांप्रमाणे रजिस्ट्रारनाही हेगमध्येच राहावं लागतं, तशी अटच आहे.

निवड : परीक्षा नाही, मतदान

एमपीएससीसारखी इथे परीक्षा नसते आणि गुणवत्ता यादीही लागत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या नियमांनुसार (नियम २२) न्यायाधीशांनी सुचवलेल्या उमेदवारांमधून न्यायाधीशच गुप्त मतदानाने रजिस्ट्रार निवडतात. न्यायाधीश १५ असतात, म्हणजे पूर्ण न्यायालय असेल तर किमान ८ मतं हवीत. मुदत ७ वर्षांची असते आणि फेरनिवड होऊ शकते. बेल्जियमचे फिलीप गोतिए २०१९ मध्ये याच पद्धतीने निवडून आले. मुदत संपून जागा रिकामी होणार असेल, तर अध्यक्ष किमान ३ महिने आधी न्यायाधीशांना कळवतात आणि नावं देण्याची शेवटची तारीख ठरवतात.

उमेदवाराबद्दल कोणती माहिती द्यायची हे नियमातच लिहिलेलं आहे : वय, राष्ट्रीयत्व, सध्याचा व्यवसाय, विद्यापीठीय शिक्षण, भाषाज्ञान, आणि कायदा, राजनय किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांमधला अनुभव. ही यादी भिंतीवर लावून ठेवावी अशीच आहे, कारण पुढची वीस वर्षं कशात घालवायची ते तिच्यावरून कळतं.

हेगमध्येच असलेलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ही वेगळी संस्था आहे. तिथे अध्यक्षमंडळ पात्र उमेदवारांची यादी करून सदस्य देशांच्या सभेकडे शिफारशींसाठी पाठवतं, आणि नंतर १८ न्यायाधीश पूर्ण बहुमताने निवड करतात. मुदत ५ वर्षांची, फेरनिवड एकदाच. साक्षीदार आणि पीडितांचं संरक्षण पाहणारा विभागही तिथे रजिस्ट्रारच्याच हाताखाली असतो. आतापर्यंतचे रजिस्ट्रार फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, ब्रिटन आणि इक्वेडोरचे, म्हणजे सगळे सदस्य देशांचेच होते. ज्या कराराने हे फौजदारी न्यायालय स्थापन झालं, त्या रोम संविधीचा भारत सदस्य नाही. त्यामुळे आपल्या मुलांनी आधी आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाहावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

आत जाण्याची दारं

थेट रजिस्ट्रार कुणीच होत नाही, पण रजिस्ट्री कार्यालयातल्या विधी अधिकाऱ्यांच्या जागांसाठी खुली जाहिरात निघते. संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण निकषांनुसार पदव्युत्तर पदवीनंतर पी-२ श्रेणीला (‘पी’ म्हणजे व्यावसायिक अधिकाऱ्यांच्या श्रेणी) २, पी-३ ला ५ आणि पी-४ ला ७ वर्षांचा अनुभव मागतात. नुसती पदवी असेल तर बहुधा २ वर्षं जास्त लागतात. प्रत्येक जाहिरातीतली अट मात्र स्वतः वाचावी.

दुसरं दार म्हणजे ज्युडिशियल फेलोशिप. यात साधारण दहा महिने एका न्यायाधीशाबरोबर काम करायला मिळतं. इथे विद्यार्थ्याचा वैयक्तिक अर्ज चालत नाही, नाव विद्यापीठानेच पाठवावं लागतं. खर्चही विद्यापीठाने उचलायचा असतो, पण विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या उमेदवारांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२० मध्ये निधीची तरतूद केली आहे. तेव्हा महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ असो की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, आपल्या विभागप्रमुखांना ‘आपण नाव पाठवतो का?’ हे आजच विचारा. पाठवत नसतील तर लेखी विनंती द्या.

कागदपत्रं

अर्ज ऑनलाइन असतो. पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, भाषेचं प्रमाणपत्र, अनुभवपत्रं आणि संदर्भ देणाऱ्या व्यक्तींची नावं तयार ठेवा.

आपल्याकडे घोळ होतो तो नावात. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घ्या. नाव खरोखर बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धीही लागेल. हे काम निवड झाल्यावर करू म्हणाल तर धावपळीत चुका होतात.

वकिली करणाऱ्यांपुढे अनुभव दाखवायचा कसा हा प्रश्न असतो. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद जोडाच, पण तिच्यावरून नोंदणीची तारीख तेवढी कळते. नागपूर खंडपीठात ज्या ज्येष्ठांकडे काम केलं त्यांच्याकडून तारखा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या. ज्या आदेशांत वकील म्हणून तुमचं नाव आहे, त्यांच्या प्रतीही जपून ठेवा.

अपोस्टिलची, म्हणजे कागदपत्रं परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार लावल्या जाणाऱ्या प्रमाणपत्राची घाई नको. भारत आणि नेदरलँड्स दोघेही त्या कराराचे सदस्य आहेत. शैक्षणिक कागद आधी राज्य शासनाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित होतात. मागितलं तरच करा. पोलीस पडताळणी दाखल्याचंही तसंच, तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो.

भाषेला मात्र उशीर नको. न्यायालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. इंग्रजी उत्तम असलेल्याला फ्रेंचही येत असेल तर त्याचा अर्ज वेगळाच उठून दिसतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षी सुरुवात केली तर शेवटच्या वर्षापर्यंत कायद्याचे मजकूर वाचता येतील इतकी तयारी होते.

आणि पैसे कुणालाही देऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था अर्ज, मुलाखत किंवा नेमणूक यांपैकी कशासाठीही शुल्क घेत नाहीत. ‘हेगमध्ये लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे मूळ कागदपत्रंही सोपवू नका.