प्रतिकृती रेल्वे : प्रमाण आणि मांडणीचे गणित

खऱ्या रेल्वेची लांबी, रुंदी, वळणे आणि चढ एका ठरावीक प्रमाणात लहान करून, हाताशी असलेल्या जागेत रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड), फलाट व घाट बसवण्यासाठी जी आकडेमोड करावी लागते, ती म्हणजे प्रतिकृती रेल्वेचे मांडणी-गणित. हौशी माणूस बहुधा इंजिन आधी विकत घेतो आणि जागेचा विचार मागाहून करतो. गणित मात्र खोलीपासून सुरू होऊन वळणाकडे, वळणावरून डब्याकडे आणि सगळ्यात शेवटी प्रमाणाकडे जाते. पुण्यात या छंदाची ओळख अनेकांना कोथरूडमधील भाऊ जोशी यांच्या, १९९८ मध्ये खुल्या झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयात होते, आणि घरी परतल्यावर पहिला प्रश्न पडतो तो जागेचाच.

प्रमाण म्हणजे खरी वस्तू किती पटींनी लहान केली ते, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. या दोहोंची गल्लत नवख्यांकडून हमखास होते. सर्वाधिक प्रचारात असलेले एचओ प्रमाण १:८७ आहे (३.५ मिमी म्हणजे १ फूट) आणि त्याचे रूळ १६.५ मिमी अंतरावर असतात. १६.५ ला ८७ ने गुणले की १,४३५ मिमी, म्हणजे युरोप-अमेरिकेतील प्रमाणित गेज येते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी असल्यामुळे १:८७ मध्ये ते १९.३ मिमी हवे. म्हणून बाजारातील तयार रुळांवर चालणारी भारतीय गाडी पायात जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद असते. इंग्लंडमधील ओओ प्रमाणात (१:७६.२) हीच तडजोड त्यांच्या स्वतःच्या गाड्यांबाबत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तेव्हा भारतीय हौशींनी तिचे फार वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. एन प्रमाण १:१६० असून त्याचे रूळ ९ मिमी अंतरावर असतात.

मांडणीचे भवितव्य ठरते ते वळणाच्या त्रिज्येवर. भारतीय ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशांचे वळण चालते, ज्याची त्रिज्या १७५ मीटर येते. ८७ ने भागल्यास ती २ मीटर होते, म्हणजे अर्धे वर्तुळ घेऊन गाडी परत फिरवायलाच ४ मीटर रुंदी हवी. इतकी रुंद खोली पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सहसा नसते, आणि असली तरी ती घरातले लोक रेल्वेला देत नाहीत. म्हणून वळण आवळावेच लागते. किती आवळायचे याचा सर्वमान्य आडाखा असा की त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी. आयसीएफ (चेन्नईचा इंटिग्रल कोच कारखाना) डब्याचा सांगाडा २१.३४ मीटर लांब आहे. १:८७ मध्ये तो २४५ मिमी होतो, म्हणून त्रिज्या किमान ७३५ मिमी.

हा आकडा १० × ११ फुटांच्या खोलीत, म्हणजे ३.०५ × ३.३५ मीटरमध्ये, बसवून पाहावा. भिंतीपासून ५० मिमी मोकळी जागा सोडली तर प्रत्येक कोपरा ७८५ मिमी खातो आणि लांब भिंतीवर सरळ रूळ उरतो फक्त १,७८० मिमी. त्यात लूप लाइन (मुख्य रुळाला दोन्ही टोकांना जोडलेला शेजारचा रूळ) घ्यायची, तर १:६ चा, म्हणजे सहा मिमी पुढे जाताना एक मिमी बाजूला सरकणारा, सांधा ६० मिमी अंतरावरच्या शेजारच्या रुळापर्यंत पोचायला ढोबळमानाने ३६० मिमी घेतो. दोन्ही टोकांचे मिळून ७२० मिमी गेले की हाती १,०६० मिमी उरतात. इंजिनाला सुमारे २३६ मिमी आणि बफरसह प्रत्येक डब्याला २५६ मिमी धरल्यास तीन डब्यांची गाडी उभी राहते, चौथा डबा बाहेर पडतो. चोवीस डब्यांची पूर्ण गाडी ६.४ मीटर भरेल, हे येथे केवळ नोंदवून ठेवावे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीनसुद्धा सात डब्यांनिशी धावू लागली होती, एवढाच काय तो दिलासा. एन प्रमाणात मात्र चित्र पालटते: त्रिज्या ४०० मिमी, सरळ रूळ २,४५० मिमी, सांधे वजा जाता सुमारे २,०५० मिमी, आणि त्यात इंजिनासह तेरा डबे मावतात. छोट्या खोलीत लांब गाडी हवी असेल तर एन घ्यावे, आणि इंजिनाचे बारकावे बघण्याची हौस असेल तर एचओ घेऊन गाडी आखूड ठेवावी. एकाच खोलीत दोन्ही साधत नाही.

वळणावर डब्याचा मध्य आतल्या बाजूला आणि टोके बाहेरच्या बाजूला सरकतात. मध्याचे सरकणे काढायला डब्याखालच्या दोन बोगींच्या (चाकांच्या सांगाड्यांच्या) मध्यांमधील अंतराचा वर्ग त्रिज्येच्या आठपटीने भागतात: १७० चा वर्ग भागिले ५,८८० म्हणजे ४.९ मिमी. टोकाचे सरकणे सुमारे ५.३ मिमी येते. डब्याची रुंदी ३७.३ मिमी असल्याने शेजारच्या दोन रुळांच्या मध्यांत किमान ४७.५ मिमी अंतर हवे, आणि प्रत्यक्षात ५२ च्या खाली जाऊ नये. सरळ भागात दिसणाऱ्या मोकळ्या जागेला भुलून हे अंतर कमी ठेवले, तर समोरासमोर आलेल्या दोन गाड्या नेमक्या कोपऱ्यात, जिथे हात पोचत नाही तिथे, एकमेकींना घासतात. सरासरी माणसाचा हात ७५ सेंमीच्या पुढे कामाचा राहत नाही, त्यामुळे भिंतीलगतचा प्लायवुडचा पाट त्याहून रुंद करू नये.

चढाच्या गणितात पुणेकरांना बोरघाट आठवणे स्वाभाविक आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या घाटात चढ ३७ ला १ आहे. कर्जत ते लोणावळा हे २८ किमी अंतर १:८७ मध्ये ३२२ मीटर भरते आणि उंची दोन मजल्यांएवढी होते, म्हणून संपूर्ण घाटाची प्रतिकृती हा विषय सोडून द्यावा आणि एखादा बोगदा व एखादा पूल घ्यावा. एका रुळावरून दुसरा न्यायचा, तर सुमारे ५.५ मीटर उंचीवरची विजेची तार (१:८७ मध्ये ६३ मिमी), तिच्या वरची मोकळी जागा आणि पुलाची जाडी मिळून ९० मिमी उंची गाठावी लागते. ३७ ला १ ने त्यासाठी ३,३३० मिमी लागतात, म्हणजे आधी सांगितलेल्या खोलीची जवळजवळ अख्खी लांब भिंत. ५० ला १ ने साडेचार मीटर. चढाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी रूळ हळूहळू वाकवावा लागतो, नाहीतर कपलिंग सुटते. त्याची लांबी या हिशोबात धरलेली नाही. शिवाय चढ वळणावर असेल तर घर्षण वाढते आणि इंजिनाला तोच चढ अधिक कडक भासतो. कर्जतला गाडी ढकलायला मागून बँकर इंजिने का जोडतात, ते अशा वेळी घरबसल्या कळते.

नॅरोगेज घेतले तर यातल्या बऱ्याच अडचणी सुटतात. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे गेज ७६२ मिमी होते. १:८७ मध्ये ते ८.८ मिमी येते, म्हणजे एन प्रमाणाचे ९ मिमी रूळ जवळजवळ जसेच्या तसे चालतात, फक्त त्यांचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) फार दाटीने बसवलेले असल्यामुळे ते एकाआड एक काढावे लागतात. भारतीय नॅरोगेजवर ४४ मीटर त्रिज्येपर्यंतचे वळण चालते आणि १:८७ मध्ये ते ५० सेंमी होते. दहा बाय अकराच्या खोलीत हे वळण एक मिलिमीटरही न आवळता मावते.