सिसिलीतली ग्रीक देवळं आणि ती दाखवणारी माणसं

इटलीच्या संसदेने डिसेंबर 2023 मध्ये पर्यटक गाइडांसाठी 190 क्रमांकाचा कायदा केला. गाइड व्हायचं तर देशपातळीवरची एकच परीक्षा, लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष फिरवून दाखवण्याची, शिवाय परकी भाषा यायला हवी आणि नाव राष्ट्रीय यादीत लागायला हवं. आपल्याकडच्या प्रवाशाला हे जरा अतीच वाटतं. चार खांबांसमोर उभं राहून दोन गोष्टी सांगायला एवढी परीक्षा कशाला? पण दक्षिण इटलीत आणि सिसिलीत ग्रीकांचे जे अवशेष आहेत, तिथे 'दाखवणाऱ्या माणसा'चा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्यातला बराचसा भाग चुकीची नावं चिकटवण्याचा आहे.

आधी ग्रीक लोक इटलीत आले कुठून, ते थोडक्यात. इ.स.पू. आठव्या शतकात ग्रीसमधल्या शहरांनी समुद्रापलीकडे माणसं पाठवायला सुरुवात केली. कुणाला पिकाऊ जमीन हवी होती, कुणाला धातूंचा व्यापार, कुणाला घरातल्या भांडणातून सुटका. नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर पहिली वस्ती झाली. मग सिसिलीत इ.स.पू. 734 च्या सुमारास नाक्सोस आणि पुढच्याच वर्षी कोरिंथच्या लोकांनी वसवलेलं सिराक्यूज. बुटासारख्या इटलीच्या टाचेच्या आतल्या बाजूला स्पार्टावाल्यांचं तारास, म्हणजे आजचं तारांतो. दोनशे-अडीचशे वर्षांत ही शहरं इतकी गबर झाली की रोमन लोक या पट्ट्याला 'माग्ना ग्रेसिया', मोठा ग्रीस, म्हणू लागले. डोरिक पद्धतीची, म्हणजे साध्या, जाड खांबांची, अगदी धडधाकट देवळं पाहायची असतील, तर अथेन्सपेक्षा सिसिलीत जास्त सापडतात, आणि हे अथेन्सचा अपमान म्हणून लिहिलेलं नाही.

सिराक्यूज इ.स.पू. 212 मध्ये रोमनांनी जिंकलं. त्याच धामधुमीत आर्किमिडीज मारला गेला. पुढच्या दीडशे वर्षांत हे शहर रोमन साम्राज्यातलं बघण्याजोगं ठिकाण झालेलं होतं, आणि पाहुण्यांना हिंडवून देवळं, पुतळे, चित्रं दाखवणाऱ्यांचा धंदाही जोरात होता. हे आपल्याला कळतं ते रोमन वकील आणि वक्ता सिसेरोमुळे. सिसिलीचा माजी सुभेदार वेरेस याच्यावर त्याने इ.स.पू. 70 मध्ये खटला चालवला. वेरेसने तीन वर्षांत बेट अक्षरशः धुऊन नेलं होतं. सिराक्यूजच्या अथेनाच्या देवळातली 27 चित्रं त्याने काढून नेली, दारांवरचं सोनं आणि हस्तिदंत उचकटलं. सिसेरो त्या भाषणात म्हणतो की इथल्या गाइडांना आता आपलं सांगणं उलटं करावं लागतंय. पूर्वी ते काय कुठे आहे ते दाखवत, आता कुठून काय गेलं ते दाखवतात. वकिली टोमणा म्हणून हा उत्तमच, पण पर्यटनाच्या इतिहासात गाइडांविषयीची इतकी नेमकी नोंद त्या काळातली क्वचितच सापडेल.

त्याच सिसेरोने इ.स.पू. 75 मध्ये, सिसिलीत कोषाधिकारी असताना, सिराक्यूजच्या लोकांना त्यांच्याच गावातली एक गोष्ट दाखवली होती. आर्किमिडीजची समाधी कुठे आहे असं त्याने विचारलं, तर लोक म्हणाले, अशी काही समाधीच नाही. सिसेरोला समाधीवरच्या काव्यपंक्ती माहीत होत्या आणि वर गोल आणि वृत्तचिती कोरलेली आहेत हेही ठाऊक होतं. वेशीबाहेरच्या थडग्यांमध्ये शोधता शोधता काटेरी झुडपांवर डोकं काढलेला एक लहान खांब त्याला दिसला. विळे घेऊन माणसं पाठवली, वाट साफ करवली. पंक्ती निम्म्या झिजलेल्या होत्या, पण खूण पटली. ती समाधी पुढे पुन्हा हरवली. आज सिराक्यूजच्या पुरातत्त्व उद्यानात 'आर्किमिडीजची समाधी' म्हणून एक खडकात कोरलेलं दालन दाखवलं जातं, त्याला त्रिकोणी माथा वगैरे आहे. ते रोमन काळातलं, अस्थिकलश ठेवायचं दालन आहे. आर्किमिडीजचा त्याच्याशी काही संबंध नाही. चांगला गाइड हे आधी सांगतो आणि मग फोटो काढू देतो.

त्याच उद्यानात दगडाच्या जुन्या खाणी आहेत. इ.स.पू. 415 मध्ये अथेन्सने सिराक्यूजवर भलीमोठी स्वारी केली. दोन वर्षांनी ती स्वारी पार बुडाली आणि किमान सात हजार कैदी सिराक्यूजच्या खाणींत कोंबले गेले. दिवसाला मूठभर धान्य आणि घोटभर पाणी, वर ऊन आणि खाली प्रेतं, असे आठ महिने. त्या काळचा इतिहासकार थुसिडिडीज याने हे थंडपणे लिहून ठेवलंय, म्हणून ते जास्त लागतं. पुढे चरित्रकार प्लुटार्क सांगतो की काहींना युरिपिडीजच्या नाटकांतले उतारे पाठ होते म्हणून सुटका मिळाली. खाणीतल्या एका उंच, वळणदार गुहेला 'डायोनिसियसचा कान' म्हणतात. जुलमी राजा वरून कैद्यांची कुजबुज ऐकायचा, अशी कथा. हे कानाचं नाव मात्र 1608 सालचं आहे आणि ते चित्रकार काराव्हाज्जोच्या तोंडून निघालं. माल्टाहून पळून तो सिराक्यूजला आला होता आणि स्थानिक विद्वान मिराबेल्लाने त्याला खाणी हिंडवून दाखवल्या. म्हणजे इथे पाहुण्याने नाव दिलं, आणि ते गाइडांनी चारशे वर्षं जपलं.

सिराक्यूजच्या जुन्या बेटावरचं, ओर्तिजियामधलं कॅथेड्रल मात्र न चुकवता पाहावं, तेही बाहेरून सुरुवात करून. समोरचा दर्शनी भाग अठराव्या शतकातला, बरोक, नक्षीकामाने भरलेला. त्याच्या डावीकडच्या गल्लीत वळलं की भिंतीतून डोरिक खांबच बाहेर आलेले दिसतात: रुंद, पन्हळी कोरलेले, वरची गोल गादीसारखी माथी अजून शाबूत, आणि मधल्या मोकळ्या जागा दगडांनी बुजवलेल्या. हेच ते वेरेसने लुटलेलं अथेनाचं देऊळ, इ.स.पू. पाचव्या शतकातलं. सातव्या शतकात ख्रिस्ती बिशपने ते चर्च केलं. खांबांमधल्या फटी भरून बाहेरची भिंत केली, आणि गाभाऱ्याच्या भिंतींना कमानी पाडून तिथे मधलं सभागृह केलं. आत गेल्यावर प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या पाठीशी तोच ग्रीक खांब असतो. गाइडाने इथे तोंड बंद ठेवलं तरी चालतं.

चर्च झाल्यामुळे वाचलेलं दुसरं देऊळ अग्रिजेंतोमध्ये आहे. ग्रीकांचं अक्रागास, इ.स.पू. 580 च्या सुमारास वसलेलं, तत्त्वज्ञ एम्पिडोक्लीजचं गाव. इ.स.पू. 406 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजने ते लुटलं. कड्याच्या काठाने उभी असलेली देवळं बहुतेक भूकंपांनी आणि दगडचोरांनी संपवली. झ्यूसचं प्रचंड देऊळ तर अठराव्या शतकात खालच्या बंदराचा धक्का बांधायला खाणीसारखं वापरलं गेलं. पण 'काँकॉर्डियाचं देऊळ' जवळजवळ पूर्ण उभं आहे, कारण सहाव्या शतकाच्या शेवटी तेही चर्च झालं होतं. गाभाऱ्याच्या दोन्ही भिंतींत पाडलेल्या कमानी आजही दिसतात. 1788 मध्ये चर्चची भर काढून टाकून त्याला पुन्हा 'ग्रीक' केलं गेलं.

काँकॉर्डिया, म्हणजे रोमनांची एकोप्याची देवी, मात्र इथे कधीच नव्हती. सोळाव्या शतकात फाझेल्लो नावाच्या धर्मगुरू-इतिहासकाराने जवळपास मिळालेला, काँकॉर्डियाचं नाव असलेला एक लॅटिन शिलालेख या देवळाला जोडला. शिलालेख रोमन काळातला आणि देऊळ त्याच्या कित्येक शतकं आधीचं, पण नाव बसलं ते बसलं. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, तसलाच प्रकार. देऊळ नेमकं कुणाचं होतं, हे आजही ठरलेलं नाही.

अठराव्या शतकात युरोपातली तरुण श्रीमंत मंडळी आणि कलावंत दक्षिणेकडे येऊ लागले आणि चौकाचौकांत गाइड उभे राहिले. जर्मन कवी गटे, शाकुंतलावर लुब्ध झालेला तोच, 1787 च्या वसंतात इथे होता. पालेर्मोजवळच्या एका सुंदर खोऱ्यात त्याचा गाइड कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या लढायांचं वर्णन करू लागला, तर गटेने त्याला झापलं: मेलेल्यांची भुतं इथे कशाला उठवतोस! मग तो नदीच्या पात्रातले गोटे गोळा करत बसला आणि गाइड चक्रावला. इतिहास ऐकायला नको म्हणणारा माणूस दगड का वेचतोय, हे त्याला कळेना. या प्रसंगात माझी सहानुभूती गाइडकडे आहे.

तेव्हा सिसिलीवर राज्य करणाऱ्या बूर्बों घराण्याच्या राजाने 1778 मध्ये सिसिलीतल्या पुरातन वास्तूंवर देखरेखीसाठी दोन सरदार नेमले, टोरेमुझ्झा आणि बिस्कारी. बिस्कारीने प्रवाशांसाठी पुस्तकही लिहिलं. अग्रिजेंतोत राफाएल्लो पोलिती नावाचा चित्रकार देवळांचा जाणकार म्हणून प्रवाशांना फिरवत असे. झ्यूसच्या देवळाचं छत पेलणाऱ्या दगडी पुरुषांपैकी एक, साडेसात मीटरहून मोठा, त्याने 1825 मध्ये तुकडे जुळवून जमिनीवर मांडला. दुसऱ्या वर्षी त्याने गावाची मार्गदर्शिका काढली, तिच्या नावातच 'चौकातला गाइड' येतो. चौकातला गाइड आणि शिकलेला गाइड हा वाद तेव्हापासूनचा. मुसोलिनीच्या काळात, 1931 च्या पोलीस कायद्याने, गाइडला पोलिसांचा परवाना लागू लागला. नंतर परवाने प्रांतांकडे गेले, 2013 मध्ये ते देशभर ग्राह्य झाले आणि आता ही राष्ट्रीय परीक्षा.

मुख्य भूमीवरचं पेस्तुम हे चुकीच्या नावांचं माहेरघर. नेपल्सच्या दक्षिणेला, इ.स.पू. 600 च्या सुमारास वसलेलं पोसायडोनिया. नदीचा गाळ आणि मलेरियाने लोक डोंगरावर गेले आणि तीन देवळं दलदलीत उभी राहिली. अठराव्या शतकात ती 'सापडली' असं पुस्तकं सांगतात, पण तिथल्या गुराख्यांना आणि कोळ्यांना ती कधी हरवलेलीच नव्हती. सापडली ती विद्वानांना. सर्वात जुन्या देवळाला समोर नऊ खांब आहेत. विषम संख्या, शिवाय गाभाऱ्यात मधोमध खांबांची रांग, वर त्रिकोणी माथा उरलेला नाही. तेव्हाच्या पंडितांनी ठरवलं की हे देऊळ असूच शकत नाही, ही रोमन सभागृहाची इमारत, म्हणून 'बासिलिका'. सर्वात मोठं आणि देखणं ते गावाच्या नावावरून (पोसायडन या समुद्रदेवाचं रोमन नाव) 'नेपच्यून'चं, आणि तिसरं 'सेरेस'चं. मातीच्या मूर्ती आणि नवसाच्या वस्तू उकरून निघाल्या तेव्हा कळलं की पहिलं हेराचं आणि तिसरं अथेनाचं. मधल्यावर अजून वाद आहे. 1934 मध्ये पाओला झांकानी मोंतुओरो आणि उंबेर्तो झानोत्ती बियांको या दोघांनी जवळच्या सेले नदीच्या मुखाशी हेराचं आणखी एक देवस्थान शोधून काढलं. झानोत्ती बियांको फासिस्टविरोधी म्हणून पोलिसांच्या नजरेत होता, तरी काम चाललं. 1968 मध्ये शहराबाहेर 'सूर मारणाऱ्याची कबर' निघाली: दगडी झाकणाच्या आतल्या बाजूला एक नग्न तरुण पाण्यात सूर मारतोय, इ.स.पू. 480-470 चं चित्र. ग्रीक भित्तिचित्रं जवळपास सगळी नष्ट झालेली असताना हे असं हाती लागणं म्हणजे केवळ नशीब.

लुटीची गोष्ट वेरेसबरोबर संपली नाही. सिसिलीच्या मध्यभागी मोर्गांतिना नावाचं ग्रीक गाव आहे. तिथून चोरून खणलेली, चुनखडीचं अंग आणि संगमरवरी चेहरा असलेली देवी अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने 1988 मध्ये एक कोटी 80 लाख डॉलरना घेतली. खटले, पुरावे, वाटाघाटी झाल्या आणि 2011 मध्ये ती शेजारच्या आयदोने गावच्या छोट्या संग्रहालयात परत आली. त्याच संग्रहालयाच्या कपाटात मोर्गांतिनाच्या उत्खननातली मातीची एक निळी कुरळी बट पडून होती. गेटीकडच्या, पाताळाचा देव हेडीज याच्या डोक्याच्या निळ्या दाढीत ती नेमकी बसते, असं लक्षात आलं. 2016 मध्ये ते डोकंही आयदोनेला आलं. मोर्गांतिनाला जाणाऱ्याने आधी आयदोनेचं संग्रहालय पाहावं आणि मग उत्खननाच्या जागी उतरावं. उलट क्रमाने गेलं तर रिकाम्या जोत्यांशिवाय काही दिसत नाही, आणि बरोबर जाणता गाइड नसेल तर तेही नाही.