एलसी ४७५ मधला हरवलेला एफपीयू

मुंबईतल्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याच्या, दिवसांतलं ॲपलचं एखादं मॅकिंटॉश एलसी ४७५ अजूनही माळ्यावरून खाली उतरतं. १९९३ चं हे मशीन टायपिंग बिनबोभाट करतं, पण जड गणिताचा प्रोग्रॅम उघडला की ‘कोप्रोसेसर बसवलेला नाही’ म्हणून अडतं. त्यातला मोटोरोलाचा ६८एलसी०४० हा प्रोसेसर म्हणजे एफपीयू, म्हणजे अपूर्णांकी गणिताचा भाग, वगळलेला ६८०४० आहे. बाहेरून ६८८८२, म्हणजे मोटोरोलाची वेगळी एफपीयू चिप, जोडावी, तर या चिपला कोप्रोसेसरची (अशा मदतनीस चिपची) जोडणीच नाही.

मग उरतं एम्युलेशन, म्हणजे एफपीयूचं काम सॉफ्टवेअरने करणं. एफपीयूच्या प्रत्येक आज्ञेचे पहिले चार बिट ११११ असतात, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात) एफ. अशी आज्ञा आली की प्रोसेसर परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागी, ठेवून व्हेक्टर ११ (पत्त्यांच्या ठरलेल्या यादीतली ११ क्रमांकाची नोंद) दाखवेल त्या रूटीनकडे वळतो. तिथे एम्युलेटर बसलेला असतो. तो आज्ञा उलगडतो, तेच गणित पूर्णांकी आज्ञांनी करतो, उत्तर मेमरीत राखलेल्या रजिस्टरच्या जागी ठेवतो आणि पुढच्या आज्ञेवर परततो. प्रोग्रॅमला याची खबर नसते, फक्त वेग पार घसरतो. ही तडजोड कमी दर्जाची समजू नये: अख्ख्या ६८०४० मध्येही साइन, कोसाइन नाहीत, तिथेही मोटोरोलाने सॉफ्टवेअरच दिलं.

मात्र यासाठी वळण्याच्या क्षणी प्रोसेसरने हातातलं काम पूर्ण जपायला हवं. एलसी०४० नेमका इथे चुकतो. मेमरीत लिहायची माहिती रांगेत असताना अशी एफने सुरू होणारी आज्ञा आली, तर ते लिहिणं हरवू शकतं. मशीन लगेच बंद पडेलच असं नाही. कुठेतरी जुना आकडा तसाच राहतो आणि बिघाड भलत्याच ठिकाणी उमटतो. त्यामुळे सिस्टिम पुन्हा टाकत बसण्याआधी चिपवरचा मास्क क्रमांक, म्हणजे तिच्या आराखड्याची आवृत्ती सांगणारा छापील क्रमांक, वाचा. एलसी ४७५ मध्ये सापडणारा २ई२३जी सदोष आहे. १९९५ च्या मध्यात आलेल्या २ई७१एम पासून मोटोरोलाने दोष काढला. चूक सिलिकॉनमधली असल्याने ती पॅचने जात नाही.

खात्रीचा इलाज म्हणजे २५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा, ‘एलसी’ नसलेला ६८०४०. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा, कुर्ल्याच्या भंगारात ॲपलच्याच जुन्या क्वाड्रा संगणकांचे बोर्ड शोधा. प्रोसेसर सॉकेटमध्येच आहे, पण १७९ पिना आहेत. जुन्या चिपच्या पिन एकचा कोपरा आधी टिपून ठेवा. चारही बाजूंनी आळीपाळीने केसभर उचला. एकाच बाजूने जोर दिलात तर पिना वाकल्याच. नवी चिप जास्त तापते, हीटसिंक लावा. बोर्ड उघडलाच आहे तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरभोवतीचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ते बदला. पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत गळलेलं रसायन तांब्याच्या रेषा झपाट्याने खातं.

एवढं करून पडदा काळाच राहिला, तर चिपला दोष देऊ नका. बोर्डावरची ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी मेली असेल तरी हे मॉडेल चित्र दाखवत नाही. ती आधी बदला.