४.८ मीटर म्हणजे लाट नव्हे

पावसाळा सुरू झाला की वृत्तवाहिन्यांच्या खालच्या पट्टीत एक वाक्य दरवर्षी न चुकता धावू लागते : ‘आज दुपारी समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ ते वाचून हौशी मंडळी मरीन ड्राइव्हच्या कठड्याकडे निघतात, आणि वाशी-नेरुळचे रहिवासी मात्र, आपल्याकडे समुद्रच नाही, खाडी आहे, तेव्हा लाटांशी आपला काय संबंध, असे म्हणून निश्चिंत राहतात. या वाक्यातला आकडा बरोबर असतो, पण त्याला जोडलेला ‘लाटा’ हा शब्द साफ चुकीचा असतो. आणि त्या आकड्याचा खरा अर्थ लक्षात घेतला, तर त्याची काळजी मरीन ड्राइव्हवाल्यांपेक्षा नवी मुंबईकरांनी अधिक करावी, असे दिसून येईल.

४.८ मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी आहे. ती मोजण्याची सुरुवात सरासरी समुद्रपातळीपासून होत नाही, तर नौवहनाच्या नकाशांसाठी ठरवलेल्या आधारपातळीपासून होते, आणि ही आधारपातळी जवळजवळ सर्वांत खोल ओहोटीइतकी खाली धरलेली असते, म्हणजे नकाशात दाखवलेल्या खोलीपेक्षा कमी पाणी जहाजाला सहसा मिळू नये. मुंबईची सरासरी समुद्रपातळी या आधारपातळीच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. म्हणून ४.८ मीटरची भरती म्हणजे सरासरी पातळीपेक्षा सुमारे २.३ मीटर चढलेले पाणी होय. त्या पाण्यावर त्या दिवशी वाऱ्याने किती लाटा उठतील, हा पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे. वारा पडला असेल तर ४.८ मीटरच्या भरतीलाही खाडीचे पाणी तळ्यासारखे शांत असू शकते.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आणि आगऱ्यांना हा भेद शिकवावा लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला ते उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग. मुंबईच्या परिसरात उधाणाची भरती साधारण दुपारी बारा-एकच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, आणि त्यानंतर रोज ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ग्रहांच्या युतीमुळे समुद्र खवळणार, अशा अर्थाचे संदेश अधूनमधून फिरत असतात. भरती निर्माण करणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे पृथ्वीला सर्वांत जवळ येणाऱ्या शुक्राचेही हे बल चंद्राच्या दहा हजाराव्या भागाइतके भरत नाही. बाकीच्या ग्रहांचा हिशेब त्याहूनही किरकोळ आहे.

आता वाशीकडे वळू. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली, तेव्हा आज जेथे वाशी, सानपाडा, नेरुळ आणि बेलापूरचे खाडीकडचे भाग आहेत, तेथे मोठ्या प्रमाणावर खारजमीन आणि मिठागरे होती. यांपैकी बरीच जमीन उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली होती. सगळी जमीन भराव घालून उंच करायची, तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागले असते. म्हणून हॉलंडमधल्या पद्धतीचा आधार घेऊन शहराच्या खाडीकडच्या कडेला मोठे तलाव राखले गेले, ज्यांना कागदोपत्री धारण तलाव आणि बोलण्यात होल्डिंग पाँड म्हणतात. वाशीचे मिनी सीशोअर किंवा नेरुळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई येथे सकाळी फिरायला जाणाऱ्या अनेकांना, आपण ज्या पाण्याभोवती फेऱ्या मारतो ते शोभेचे तळे नसून शहराच्या पूरनियंत्रणाचा अवयव आहे, याची कल्पना नसते. तसे पाहिले तर कोकणातली खारबंदिस्ती, म्हणजे मातीचा बांध घालून भातशेतीत शिरणारे खारे पाणी अडवायचे आणि ओहोटीला आतले गोडे पाणी सोडून द्यायचे, ही याच तत्त्वाची जुनी आणि आपली स्वतःची आवृत्ती आहे.

तलावाच्या खाडीकडच्या तोंडाशी वरच्या बाजूने बिजागरीवर टांगलेली झडप असते. ओहोटीला तलावातले पाणी खाडीपेक्षा उंच असते, ते झडपेला बाहेर ढकलते आणि वाहून जाते. भरतीला खाडीचे पाणी उंच होते आणि तेच झडप दाबून बंद करते. झडप बंद असण्याच्या काळात जो पाऊस पडेल, तो तलावाने पोटात ठेवायचा असतो. एक हिशेब करू. समजा, एका तलावाकडे एक चौरस किलोमीटर वस्तीचे पाणी येते आणि झडप बंद असताना तीन तास ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला. सिमेंट आणि डांबरात पाणी जिरत नाही असे धरले, तर दीड लाख घनमीटर पाणी जमा होईल. तलाव दहा हेक्टरांचा असेल, तर त्याची पातळी दीड मीटरने चढेल. एवढी जागा तलावात शिल्लक असेल तर रस्ते कोरडे राहतील. नसेल तर तेच पाणी गटारांतून उलटे वर येईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि दुपारच्या भरतीने पाण्याची बाहेर पडण्याची वाट त्याच वेळी अडवून धरली. शहर बुडवायला लाट लागत नाही, हे त्या दिवशी खाडीच्या दोन्ही काठांनी पाहिले.

तेव्हा तलावाची खोली हीच खरी संपत्ती आहे, आणि नेमकी तीच गाळाने भरत जाते. यासाठी कंत्राटदारांना आणि कचऱ्याला दोष देण्याची पद्धत आहे, आणि तो दोष काही प्रमाणात खराही असेल. पण खाडीला स्वतःलाच चिखल आत ओढण्याची सवय का असते, हे कारण मला सर्वांत मनोहर वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

उथळ पाण्यात भरतीच्या लहरीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो : खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. भरतीचा माथा पुढे सरकत असतो तेव्हा खाडीत पाणी खोल असते. ओहोटीचा तळ पुढे सरकतो तेव्हा ते उथळ असते. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधली ही ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. सोयीसाठी भरतीची सरासरी खोली ६ मीटर आणि ओहोटीची २ मीटर धरू. मग माथ्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ मीटर आणि तळाचा सुमारे ४.४ मीटर येतो. मुखापासून वरच्या टोकापर्यंत पोहोचायला माथ्याला सुमारे ५६ मिनिटे लागतील आणि तळाला सुमारे ९८. म्हणजे ओहोटी वरच्या टोकाला भरतीच्या मानाने ४० मिनिटे जास्त उशिरा पोहोचते. मुखाशी पाणी चढायला आणि उतरायला प्रत्येकी सुमारे सहा तास बारा मिनिटे लागत असतील, तर वरच्या टोकाला चढायला साडेपाच तास आणि उतरायला जवळजवळ सात तास, अशी विषम वाटणी होते. जितके पाणी आत आले तितकेच बाहेर गेले पाहिजे. पण आत येताना त्याला वेळ कमी मिळतो, म्हणून ते घाईने येते आणि सावकाश जाते. या सोप्या नमुन्यात आत येतानाचा वेग बाहेर जातानाच्या सव्वापट भरतो. आता गाळ वाहून नेण्याची पाण्याची ताकद वेगाच्या प्रमाणात नव्हे, तर ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सव्वाचा घन जवळपास दोन होतो. बाहेर जाणारे पाणी जास्त वेळ वाहते हे वजा केले, तरी प्रत्येक फेरीत आत येणाऱ्या चिखलाचे पारडे बरेच जड राहते. काठावरची पसरट दलदल पाणी साठवून ही विषमता काही ठिकाणी कमी करते, कधी उलटीही करते. प्रत्यक्ष खाडी आपल्या सूत्राइतकी सरळ नसते.

पण आत आलेला चिखल खाली बसतो कसा? मातीचा अगदी बारीक कण, म्हणजे दोन मायक्रॉनचा, स्थिर पाण्यात तासाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली जातो. दोन मीटर पाण्याचा तळ गाठायला त्याला सहा दिवसांहून अधिक लागतील, आणि खाडीत पाणी थबकते ते भरतीच्या शिखरावर, तासाभरापुरते. मग हा कण कधीच बसायला नको होता. येथे मीठ मदतीला येते. मातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात. पावसाळ्यात नाल्यांतून आलेले गढूळ पाणी खाऱ्या पाण्यात मिसळले की सोडियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे धन आयन या कणांभोवती गर्दी करतात, अपकर्षणाचा पल्ला आखडतो, आणि जवळ आलेले कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके तयार होतात. पावसाळ्यात हंड्यातल्या गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवत असे, तेव्हा याच जातीची क्रिया घडत असे. असा पुंजका सेकंदाला अर्धा ते एक मिलिमीटर वेगाने उतरू शकतो. दोन मीटर अंतर तो अर्ध्या ते सव्वा तासात कापतो. भरतीच्या शिखरावरची ती थोडी विश्रांती त्याला बऱ्याच अंशी पुरते. एकदा तळाशी बसून तो थोडा घट्ट झाला, की सावकाश जाणाऱ्या ओहोटीला त्याला उचलणे अवघड जाते. खाडीच्या बाजूची झडप गंजून अर्धवट उघडी राहिली असेल, तर हाच सगळा प्रकार धारण तलावाच्या आत, वारा-लाटांपासून सुरक्षित अशा आयत्या जागेत, दिवसातून दोनदा घडतो.

म्हणून खाडीतला चिखल ही घाण आहे, ही समजूतही सोडून द्यावी लागते. मानखुर्दहून वाशीला येताना ओहोटीच्या वेळी लोकलच्या खिडकीतून जो चकाकणारा चिखल दिसतो, तो किनाऱ्याचा पहिला संरक्षक आहे. लाटेची उंची खालच्या पाण्याच्या सुमारे तीन-चतुर्थांशाहून जास्त झाली की लाट फुटते. अर्धा मीटर पाणी असलेल्या दलदलीवरून दोन मीटरची लाट येऊच शकत नाही. पातळ चिखल लाटेची ऊर्जा घर्षणाने खाऊनही टाकतो. केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तयार होणाऱ्या चिखलाच्या पट्ट्यांमागे समुद्र शांत असतो आणि मच्छीमार तेथे होड्या घालतात, ते यामुळेच. चिखल पुरेसा उंच झाला की त्यावर खाऱ्या पाण्यात वाढणारी तिवर उगवते, तिची वर डोकावणारी श्वसनमुळे पाण्याचा वेग आणखी मंदावतात आणि गाळ अधिक बसतो. रोहित पक्ष्यांमुळे नावारूपाला आलेली ही खाडी २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, पण पक्षी नसते तरी ती राखण्याचे कारण पुरेसे होते.

मात्र कांदळवन (तिवरांसारख्या झाडांचे वन) म्हणजे चक्रीवादळाविरुद्धची भिंत, हे उत्साहाने सांगितले जाणारे विधानही जपून वापरावे. शंभर मीटर रुंद कांदळवन वाऱ्याच्या लाटांची उंची १३ ते ६६ टक्के कमी करू शकते. पण वादळी उधाण, म्हणजे वादळाने तासन्‌तास चढवून ठेवलेली पाण्याची पातळी, एक किलोमीटर रुंद वनातून जातानाही साधारण ५ ते ५० सेंटिमीटर एवढीच घटते. नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी एवढी रुंदी उरलेलीच नाही. आणि याच तिवरांमुळे एक अवघड पेचही उभा राहतो : गाळाने उथळ झालेल्या धारण तलावांतच ती दाट उगवतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक हिताचे कारण सिद्ध करून परवानगी घेतल्याशिवाय ती हलवता येत नाहीत. माझे मत असे की खाडीच्या उघड्या काठावरचे एकही तिवर तोडू नये, आणि पूर साठवण्यासाठीच खणलेल्या तलावाची खोली मात्र परत मिळवावी. दोन्हींना एकच नियम लावणे निसर्गरक्षणही नाही आणि पूररक्षणही नाही.

वादळांविषयीही पुष्कळ अतिरंजित लिहिले जाते. १८८२ च्या जून महिन्यात मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, हे अनेक याद्यांत छापलेले आढळते. त्या काळी कुलाब्याची वेधशाळा चालू होती आणि शहरात वर्तमानपत्रे निघत होती, तरीही तेव्हाच्या नोंदींत असा प्रसंग नाही. ते वादळ झालेच नाही. खरा धोका समजायला ३ जून २०२० चे निसर्ग वादळ पुरेसे आहे. ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला, वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि पाणी काठावर लोटतो. डावीकडे तो जमिनीकडून समुद्रात जातो. आपण डावीकडे होतो. तेच वादळ मुंबईच्या थोडे उत्तरेला धडकले असते, तर बंदरात आणि पुढे खाडीच्या निमुळत्या होत जाणाऱ्या नरसाळ्यात पाणी कोंबले गेले असते. तेव्हाही निर्णायक ठरला असता तो घड्याळाचा काटा : उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीत चार मीटरांच्या आसपास फरक असतो, म्हणून दीड मीटरचे वादळी उधाण ओहोटीला आले तर चिखलही पुरता झाकला जाणार नाही, आणि भरतीला आले तर झडपा, बांध आणि रस्ते सगळेच पाण्याखाली जातील.

हाच काटा समुद्रपातळीच्या वाढीने हळूहळू सरकत आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. पुन्हा एक साधा हिशेब : समजा, झडप सरासरी समुद्रपातळीला बसवली आहे आणि भरती-ओहोटी तिच्या दोन-दोन मीटर वर-खाली होते. मग साडेबारा तासांच्या फेरीत झडप जवळपास निम्मा वेळ, म्हणजे सुमारे सहा तास बारा मिनिटे, उघडी राहील. समुद्र ३० सेंटिमीटरने चढला, तर हा वेळ पाच तास सदतीस मिनिटांवर येतो. प्रत्येक फेरीला ३५ मिनिटे, दिवसाला तासाहून अधिक, पाणी बाहेर जाण्याची वेळ कमी होते, आणि तेही एक लाटसुद्धा न उसळता. ही तूट भरून काढायची, तर झडपांच्या जोडीला पुरेशा ताकदीचे पंप लागतील, मुसळधार पावसाचा इशारा येताच आधीच्या ओहोटीला तलाव शक्य तितके रिकामे करून ठेवावे लागतील, आणि तलावांच्या काठावर भराव घालून जागा काढण्याचा मोह प्रत्येक वेळी नाकारावा लागेल, कारण दहा हेक्टरांचा तलाव आठ हेक्टरांचा झाला की वरच्या उदाहरणातली दीड मीटरची चढण जवळपास एक मीटर नव्वद सेंटिमीटर होते.