राजवाड्यातला चित्रकार: बडोद्याच्या रणजितसिंह गायकवाडांमागची परंपरा

बडोद्याचे रणजितसिंह प्रतापसिंह गायकवाड (१९३८–२०१२) चित्रकार होते, हे आम्हा बडोदेकरांना ठाऊक असतं. बाहेर मात्र त्यांची ओळख 'महाराजा' किंवा 'माजी खासदार' एवढ्यावरच थांबते. मला हे खटकतं. त्यांच्या हाती कुंचला आला तो राजघराण्यातल्या मुलाची हौस म्हणून नव्हे. त्यामागे या शहराची साठ-सत्तर वर्षांची तयारी होती.

तिची सुरुवात बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांच्यापासून धरावी लागते. तंजावरकडचे हे मराठी गृहस्थ आधी त्रावणकोरचे दिवाण होते, त्यामुळे राजा रविवर्मा यांना ते जवळून ओळखत. १८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभार आला, त्या सुमारास रविवर्मा बडोद्यात आले आणि त्यांनी राजघराण्यातल्या मंडळींची तैलचित्रं काढली. पुढे महाराजांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. रविवर्म्यांच्या नायिका अनेकदा नऊवारीत दिसतात. आपल्या आजी-पणजीसारखा काष्टा घातलेली पुराणातली स्त्री समोर उभी राहिली की चित्र आपल्या घरातलंच वाटू लागतं. छापील चित्रांतून याच नायिका पुढे घरोघरच्या भिंतींवर आल्या.

सयाजीरावांचं मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. चित्रं विकत घेणारे राजे पुष्कळ होते. यांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, जिथे कलेबरोबर कारागिरी आणि उद्योगाचं शिक्षण मिळे. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. संग्रहालयाला जोडून चित्रदालन उभं राहिलं आणि युरोपातली चित्रं सामान्य माणसाला पाहता येऊ लागली. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी बांधलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. गंगावतरणापासून महाभारतातल्या युद्धापर्यंतची ती भित्तिचित्रं १९३९ ते १९४६ या काळात झाली.

१९३९ मध्येच सयाजीराव गेले. पणतू रणजितसिंह तेव्हा वर्षाचेही नव्हते. वडील प्रतापसिंहराव गादीवर आले; त्यांच्याच काळात, १९४९ मध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि १९५० मध्ये तिथली ललित कला शाखा सुरू झाली. आपण सगळे तिला 'फाइन आर्ट्स'च म्हणतो. चित्रकला विभागाची धुरा ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे होती. ते इंदूरचे, होळकरांच्या राज्यात चित्रकला शिकलेले. एका मराठी संस्थानात घडलेला चित्रकार दुसऱ्या मराठी संस्थानाच्या गावी येऊन पिढी घडवतो, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

रणजितसिंह चित्रकला शिकले ते याच फाइन आर्ट्समध्ये, गावोगावहून आलेल्या मुलांबरोबर. ते शास्त्रीय संगीतही गात. १९८० आणि १९८४ अशा दोन्ही निवडणुकांत बडोद्याने त्यांना लोकसभेवर पाठवलं. १९८८ मध्ये थोरले बंधू फत्तेसिंहराव निवर्तले आणि घराण्याचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं. त्या पदाला तेव्हा राज्य नव्हतं, तनखाही नव्हता. वारसा म्हणून हाती होता तो लक्ष्मीविलास राजवाडा आणि त्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय. रविवर्म्यांची चित्रं आज तिथे आहेत, राजघराण्यातल्या मुलांसाठी बांधलेल्या जुन्या शाळेच्या इमारतीत. तिकीट काढून कुणीही त्यांच्यासमोर उभं राहू शकतं.