हाडाचे नाव, यकृताची खूण

ऑस्टिओपाँटिन हे नाव वाचून हाडच आठवते. पण हे प्रथिन आधी सापडले ते कर्करोगाच्या वाटेवर गेलेल्या पेशींपाशी. अशा पेशी फॉस्फेट जोडलेले एक प्रथिन बाहेर सोडतात, असे सेंगर, वर्थ आणि हाइन्स यांनी १९७९ मध्ये दाखवले. पुढे स्वीडनमधल्या संशोधकांना हाडाच्या आधारद्रव्यात एक प्रथिन मिळाले आणि १९८६ मध्ये त्याचे बारसे झाले: ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड, ‘पाँस’ म्हणजे पूल. अर्धे ग्रीक, अर्धे लॅटिन. दोन्ही प्रथिने एकच, हे नंतर कळले. तोवर नाव हाडाला चिकटले होते.

त्यातला ‘पूल’ मात्र चपखल आहे. आर्जिनीन, ग्लायसीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा या प्रथिनात असतो. पेशींच्या पृष्ठभागावरची इंटिग्रिन्स नावाची प्रथिने तो पकडतात. घर सोडून निघालेल्या कर्करोगपेशीलाही अशीच पकड लागते.

यकृताच्या कर्करोगासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी रक्तखूण, म्हणजे रक्तात मोजता येणारी खूण, अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन आहे. संशोधक अबेलेव यांनी ती १९६३ मध्ये उंदरांत पाहिली, तातारिनोव यांनी १९६४ मध्ये रुग्णांत. पण गाठ लहान असताना ती अनेकदा वाढतच नाही.

२००३ मध्ये शांघाय आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी असलेल्या यकृत-कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठींतली जनुके किती सक्रिय आहेत ते तपासले. पसरलेल्या कर्करोगाची मूळ गाठ आणि तिच्यापासून पसरलेली गाठ यांचा जनुकीय ठसा जवळजवळ सारखाच निघाला. म्हणजे पसरण्याची तयारी मूळ गाठीतच झालेली असते! माझ्या मते या कहाणीतला सर्वांत मोठा धक्का हाच. त्या ठशात ऑस्टिओपाँटिनचे जनुक आघाडीवर होते. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडाने उंदरांच्या फुप्फुसांत कर्करोग पसरणे रोखले गेले.

२०१२ च्या एका अभ्यासात सिरॉसिसमधून (यकृत कडक व व्रणयुक्त होण्याच्या आजारातून) कर्करोग ओळखताना ऑस्टिओपाँटिन अल्फा-फीटोप्रोटीनपेक्षा अधिक संवेदनशील ठरले. लहानशा एका गटात तर निदानाच्या वर्षभर आधीच त्याचे प्रमाण वाढलेले होते.

तरीही ही खूण एकट्या यकृताच्या कर्करोगाची नाही. सिरॉसिसमध्ये ऑस्टिओपाँटिन वाढते, इतर अनेक कर्करोगांतही वाढते. शिवाय मोजण्याची एक अडचण आहे: रक्त गोठताना थ्रॉम्बिन हे विकर ऑस्टिओपाँटिनचे तुकडे करते. त्यामुळे सीरममधला (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातला) आकडा प्लाझ्मातल्या (न गोठवलेल्या रक्ताच्या द्रवातल्या) आकड्याशेजारी ठेवून चालत नाही.