व्यवसायासाठी इलेक्ट्रिक व्हॅन: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जांचा क्रम

दूध, पाव, पाण्याचे जार, किराणा किंवा कुरिअरची पाकिटे पोहोचवणाऱ्या लहान व्यवसायाकडे बहुधा 'छोटा हत्ती'च्या वर्गातली एक-दोन डिझेल किंवा सीएनजी वाहने असतात, आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रिक वाहन घ्यायचे ठरले की पहिली विचारणा सबसिडीची होते. प्रत्यक्षात अर्ज अडतात ते दोन साध्या गोष्टींवर: वाहन कागदोपत्री कोणत्या वर्गात मोडते आणि ते कोणाच्या नावावर घेतले जात आहे. पुढील माहिती महाराष्ट्रात नोंदवल्या जाणाऱ्या, व्यवसायाच्या नावावरील, मालासह एकूण साडेतीन टनांपर्यंत वजनाच्या चारचाकी मालवाहू वाहनांसाठी आहे. मोटार वाहन नियमांत या वर्गाला 'एन-१' म्हणतात.

वर्गाचा प्रश्न आधी निकाली काढावा. केंद्र सरकारची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. तिच्यात दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, बस आणि साडेतीन टनांवरील ट्रक आहेत, मात्र 'एन-१' वर्गातील चारचाकी मालवाहू वाहनांचा समावेश नाही. त्यामुळे चारचाकी व्हॅनच्या कोटेशनमध्ये 'केंद्राचे अनुदान' अशी ओळ दिसली, तर ती कशाच्या आधारावर लिहिली आहे हे विक्रेत्याला लेखी विचारावे. अनेकदा ती कंपनीचीच सूट असते आणि तिला दिलेले नाव मात्र सरकारी असते. त्याचप्रमाणे इलेक्ट्रिक वाहनाच्या कर्जावरील व्याजाची प्राप्तिकरातील वजावट केवळ वैयक्तिक करदात्यांना आणि ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, हे जुन्या जाहिराती अजूनही सांगत नाहीत.

'एन-१' वाहनाला लाभ मिळतो तो राज्याच्या धोरणातून. महाराष्ट्र इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५ ला मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ रोजी मान्यता दिली आणि ते ३१ मार्च २०३० पर्यंत लागू आहे. हलक्या चारचाकी मालवाहू वाहनांना त्यात मूळ किमतीच्या १५ टक्के सवलत आहे, तथापि प्रत्येक वाहनामागे कमाल रकमेची आणि प्रत्येक वर्गासाठी वाहनांच्या संख्येची मर्यादा आहे. वाहनाची विक्री आणि नोंदणी दोन्ही महाराष्ट्रात होणे आवश्यक आहे. शेजारच्या राज्यातून स्वस्तात गाडी आणून येथे पासिंग करून घेण्याचा विचार असल्यास ही सवलत हिशेबात धरू नये. ही रक्कम किमतीतून आधीच वजा केली आहे की नंतर मिळणार आहे, हे कोटेशनवर स्पष्ट लिहून घ्यावे, कारण बँक कर्जाची रक्कम त्याच आकड्यावरून ठरवते. मोटार वाहन करातून माफीही याच धोरणात आहे. पथकरमाफीबद्दल मात्र गैरसमज आहे: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथील माफी प्रवासी चारचाकी आणि बससाठी असून मालवाहू वाहनांना ती लागू नाही.

दुसरा प्रश्न नावाचा. एकल मालकी, भागीदारी, मर्यादित दायित्व भागीदारी, कंपनी किंवा सहकारी संस्था यांपैकी कोणीही अर्ज करू शकते, परंतु पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), बँक खाते, विमा आणि आरसी (वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र) यांवरील नाव व पत्ता जुळला पाहिजे. एकल मालकीत पॅन मालकाच्या व्यक्तिगत नावाचा आणि जीएसटी प्रमाणपत्रावर दुकानाचे व्यापारी नाव असते. अशा वेळी बिल मालकाच्या नावाने काढून त्यावर व्यवसायाचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. हा क्रमांक बिलावर राहून गेला, तर भरलेल्या कराची वजावट मिळवताना त्रास होतो. उद्यम नोंदणी नसल्यास ती आधी करावी. ती विनामूल्य आणि स्वयंघोषणेवर होते आणि तिच्यासाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही.

कराचा भाग थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण येथील फरक सबसिडीच्या तोडीचा ठरू शकतो. इलेक्ट्रिक वाहनांवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. दहा लाख रुपयांच्या वाहनावर तो पन्नास हजार होतो, आणि मालवाहू वाहन असल्याने नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यावसायिकाला त्याची पूर्ण वजावट घेता येते. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याला, तसेच केवळ ताजे दूध किंवा भाजीपाला यांसारखा करमुक्त माल विकणाऱ्याला ती मिळत नाही. प्राप्तिकरात इलेक्ट्रिक वाहनावर घसाऱ्याचा, म्हणजे दरवर्षी घटणाऱ्या किमतीपोटी मिळणाऱ्या वजावटीचा, दर ४० टक्के आहे, तर स्वतःच्या व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या साध्या वाहनावर तो १५ टक्के आहे. वाहन त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेल्यास पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने खरेदी करण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारावे. जीएसटीची वजावट घेतली असेल तर ती रक्कम वाहनाच्या किमतीत धरून त्यावर पुन्हा घसारा काढता येत नाही, आणि प्रत्यक्ष हिशेबाऐवजी अनुमानित उत्पन्नावर कर भरणाऱ्यांना घसारा स्वतंत्रपणे मिळत नाही.

आता क्रमाबद्दल. बहुतेक जण आधी गाडी बुक करतात आणि ती दारात आल्यावर विजेचा विचार करतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. उदाहरणार्थ, 'छोटा हत्ती'चे इलेक्ट्रिक रूप असलेल्या टाटा एस ईव्हीच्या मूळ आवृत्तीची बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर आहे. प्रत्यक्ष मालासह, चढणीच्या आणि थांबत जाणाऱ्या मार्गावर तो कमी भरतो. ही बॅटरी ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर पूर्ण भरायला साधारण साडेसहा ते सात तास लागतात, म्हणजे एक गाडी रात्रीत आरामात चार्ज होते. तीन गाड्या एकाच वेळी लावल्या तर मात्र सुमारे दहा किलोवॅटचा जादा भार पडतो, आणि पाच किलोवॅट मंजूर भार असलेल्या गाळ्यात तो पेलणार नाही.

स्वतःच्या जागेत असलेल्या जोडणीवरून स्वतःची वाहने चार्ज करण्यास वेगळा परवाना लागत नाही. अशा वापराला त्या जागेचाच वीजदर लागतो. भार वाढवायचा असल्यास किंवा स्वतंत्र मीटर हवे असल्यास महावितरणकडे, आणि मुंबईत त्या त्या भागातील वीज कंपनीकडे, अर्ज करावा. अर्जासोबत ओळखपत्र, जागेच्या मालकीचा किंवा वैध ताब्याचा पुरावा, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि भाड्याच्या जागेसाठी मालकाचे संमतीपत्र द्यावे लागते. २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या ग्राहक हक्क नियमांनुसार, पूर्ण अर्ज मिळाल्यापासून महानगरांत ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यायची असते. नवी वाहिनी किंवा रोहित्र लागणार असेल तर अधिक वेळ जातो. भाड्याच्या गोदामात हे संमतीपत्रच सर्वांत उशिरा हाती येते.

कर्जासाठी बँक सहसा कोटेशन, पॅन, उद्यम आणि जीएसटी प्रमाणपत्रे, मागील प्राप्तिकर विवरणपत्रे, जीएसटी विवरणपत्रे आणि बँक खात्याचे उतारे मागते. भागीदारी असेल तर भागीदारी करारनामा आणि कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव जोडावा.

नोंदणीचे काम अधिकृत विक्रेता 'वाहन' या सरकारच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवरून करतो, तरीही कागद स्वतः तपासावेत. फॉर्म २० हा नोंदणीचा अर्ज, फॉर्म २१ विक्री प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ उत्पादकाचे रस्ता-योग्यता प्रमाणपत्र असते. सोबत बिल, विमा, पत्त्याचा पुरावा आणि कर्ज असल्यास बोजा (वाहन बँकेकडे तारण असल्याची नोंद) चढवण्यासाठी बँकेची कागदपत्रे लागतात. नुसती चॅसिस घेऊन बंद बॉडी किंवा शीतपेटी बाहेरून बांधून घेतल्यास बॉडी बांधणाऱ्याचा फॉर्म २२-ए लागतो, आणि वाहन तपासणीला न्यावे लागते. बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क केंद्राच्या २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने माफ आहे. बॅटरीवर चालणाऱ्या परिवहन वाहनांना परमिटही लागत नाही. ती सूट ऑक्टोबर २०१८ पासून आहे. योग्यता प्रमाणपत्र मात्र घ्यावेच लागते, आणि नव्या वाहनाला ते दोन वर्षांसाठी मिळते. विम्यात तृतीय पक्षाच्या हप्त्यावर इलेक्ट्रिक वाहनाला १५ टक्के सूट आहे. ती लावली आहे का, हे पॉलिसीवर पाहावे. नोंदणी क्रमांकाची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी असावीत. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे आली तर वाहन खासगी म्हणून नोंदले गेले आहे असे समजावे आणि ताबा घेण्यापूर्वीच दुरुस्ती मागावी.

चालकासाठी नवा परवाना काढण्याची गरज नाही. साडेसात टनांखालील मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले आहे.

जुनी गाडी विकताना तिच्यावरील बोजा फॉर्म ३५ ने आधी उतरवून घ्यावा आणि फॉर्म २९ व ३० भरून हस्तांतर पूर्ण झाल्याची नोंद 'वाहन' प्रणालीवर दिसेपर्यंत विम्याची प्रत, विक्रीची पावती आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जपून ठेवावी. तोवर त्या गाडीचे ई-चलान जुन्या मालकाच्याच नावावर येत राहते.